मोरचुदाचा एक मोल म्हणजे किती ग्रॅम? मोलर वस्तुमानाचं गणित, खड्यातल्या पाण्यासकट

प्रयोगशाळेच्या कपाटात कॉपर सल्फेटच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकीत निळे, काचेसारखे चमकणारे खडे. बाजारात यालाच मोरचूद म्हणतात. दुसरीत पांढरट भुकटी. दोन्ही लेबलांवर ठळक अक्षरांत नाव एकच, कॉपर सल्फेट. निळ्या बाटलीवर त्याच्यापुढे बारीक अक्षरांत ‘पेंटाहायड्रेट’, म्हणजे पाच पाण्यासकट, असंही छापलेलं असतं आणि नेमका तोच शब्द वाचायचा राहतो. एक लिटर ०.१ मोलर, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल पदार्थ असलेलं, द्रावण करायचं तर पांढरी भुकटी १५.९६ ग्रॅम लागते आणि निळे खडे २४.९७ ग्रॅम. निळे खडे १५.९६ ग्रॅम तोलले तर द्रावण होतं ०.०६४ मोलर, म्हणजे शंभराला छत्तीसनं कमी. काटा बरोबर, पाणी बरोबर, मोजमाप बरोबर, फक्त मोलर वस्तुमान दुसऱ्याच पदार्थाचं घेतलं गेलं.

मोलर वस्तुमान काढणं म्हणजे साधी बेरीज. दशांश चिन्हाची बेरीज येणाऱ्या कुणालाही ती जमते. तरीही परीक्षेत, प्रयोगशाळेत आणि शेताच्या बांधावरही ती चुकते, कारण बेरजेला बसण्याआधी सूत्र नीट वाचलेलं नसतं. म्हणून इथे बेरजेपेक्षा सूत्र वाचण्यावर जास्त भर दिला आहे.

नग आणि वजन

हार्डवेअरच्या दुकानात नटबोल्ट किलोवर मिळतात. समजा एक बोल्ट १२ ग्रॅमचा आणि त्याचा नट ५ ग्रॅमचा आहे. हजार जोड्या हव्या असतील तर १२ किलो बोल्ट आणि ५ किलो नट आणायचे. एकही नग मोजायची गरज नाही. कुणी ‘दोन्ही सारखेच घेऊ’ म्हणून आठ-आठ किलो आणले, तर बोल्ट येतील ६६६ आणि नट १६००. जोड्या ६६६च होणार, बाकीचे ९३४ नट पडून राहणार.

अणू आणि रेणूसुद्धा एकमेकांशी नगावर जुळतात. एका तांब्याच्या आयनाला (विद्युतभार असलेल्या अणूला) दोन हायड्रॉक्साइड लागतात, एका कार्बनला दोन ऑक्सिजन. आपल्या हाताशी मात्र काटा असतो, अणू मोजायचं यंत्र नसतं. एका नगाचं वजन ठाऊक असलं की काट्यावरूनच नग कळतात. मोलर वस्तुमान हे त्या एका नगाच्या वजनाचं काम करतं, फक्त नग इतका बारीक आहे की एकेक न धरता प्रचंड मोठा गठ्ठा धरावा लागतो. त्या गठ्ठ्याला मोल म्हणतात.

एका मोलमध्ये नग असतात ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. २० मे २०१९ पासून हा आकडा ठरवूनच टाकला आहे. त्याआधी व्याख्या उलट बाजूनं होती: १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके नग म्हणजे एक मोल. नव्या व्याख्येनं आपल्या गणितात काहीच बदलत नाही, फरक पडलाच तर नवव्या-दहाव्या अंकाच्या पुढे. त्यामुळे जुनी पुस्तकं बाजूला ठेवायचं कारण नाही.

या गठ्ठ्याचा आकार मुद्दाम असा निवडलेला आहे की अणुवस्तुमानाचा आकडा आणि एका मोलचं ग्रॅममधलं वजन एकच यावं. डाल्टन हे अणूंचं वस्तुमान सांगायचं एकक. ऑक्सिजनच्या एका अणूचं सरासरी वस्तुमान १५.९९९ डाल्टन, ऑक्सिजन अणूंच्या एका मोलचं वजन १५.९९९ ग्रॅम. पाण्याचा रेणू १८.०१५ डाल्टनचा, म्हणून पाण्याचा एक मोल १८.०१५ ग्रॅमचा. मोठ्या चमच्यात मावेल एवढंसं पाणी ते. आकडा तोच राहतो, एकक बदलतं: रेणूबद्दल बोलताना डाल्टन, मोलबद्दल बोलताना ग्रॅम प्रति मोल.

तक्त्यातला कुठला आकडा घ्यायचा

आवर्तसारणीच्या प्रत्येक चौकटीत निदान दोन आकडे असतात. एक पूर्णांक, तो अणुअंक. दुसरा बहुधा दशांशात, ते अणुवस्तुमान. घाईत पहिला उचलला जातो: तांब्यासाठी ६३.५४६ ऐवजी २९, ऑक्सिजनसाठी १५.९९९ ऐवजी ८. उत्तर अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास आलं की हीच चूक झाली असं समजावं.

रोज लागणारी काही अणुवस्तुमानं अशी: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, सोडियम २२.९९०, अ‍ॅल्युमिनियम २६.९८२, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशियम ३९.०९८, कॅल्शियम ४०.०७८, लोह ५५.८४५, तांबे ६३.५४६, जस्त ६५.३८.

क्लोरीनचे ३५.४५ पाहून पुष्कळ जण अडखळतात. अर्धा प्रोटॉन कुठून आला? अर्धं काही नसतं. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये दोन समस्थानिकं मिसळलेली असतात. शंभरातले सुमारे ७६ अणू ३४.९७ डाल्टनचे आणि उरलेले २४ अणू ३६.९७ डाल्टनचे. ३५.४५ ही त्यांची प्रमाणशीर सरासरी. त्या वजनाचा एकही अणू जगात सापडणार नाही. पण चिमूटभर मिठातसुद्धा अणू इतके असतात की सरासरी धरूनच हिशेब बरोबर येतो.

दशांश किती धरायचे? शाळेत हायड्रोजन १, ऑक्सिजन १६, क्लोरीन ३५.५, तांबे ६३.५ चालतं आणि प्रश्नपत्रिकेत जी अणुवस्तुमानं दिलेली असतील तीच घ्यायची. प्रयोगशाळेत तक्त्यातला पूर्ण आकडा घ्यावा, शेवटपर्यंत तसाच वाहून न्यावा आणि उत्तर एकदाच दोन दशांशांवर आणावं. प्रत्येक पायरीला पूर्णांक करत गेलं की चूक साठत जाते. ऑक्सिजनच्या बाबतीत ती कळत नाही, क्लोरीन ३५ किंवा तांबे ६४ धरलं की लगेच कळते.

मोरचुदाची बेरीज

मोरचुदाचं सूत्र मोठ्यानं वाचायचं: सी-यू, एस-ओ-फोर, टिंब, फाइव्ह एच-टू-ओ. कागदावर आधी आकडेमोड करू नका, अणूंची यादी करा. तांबे एक, गंधक एक, ऑक्सिजन चार, आणि पाण्याचे पूर्ण रेणू पाच.

तांबे: १ × ६३.५४६ = ६३.५४६
गंधक: १ × ३२.०६ = ३२.०६०
ऑक्सिजन: ४ × १५.९९९ = ६३.९९६
पाणी: ५ × १८.०१५ = ९०.०७५
एकूण = २४९.६७७

म्हणजे २४९.६८ ग्रॅम प्रति मोल. वरच्या तीन ओळींचीच बेरीज १५९.६०, ते पांढऱ्या भुकटीचं, म्हणजे निर्जल कॉपर सल्फेटचं मोलर वस्तुमान.

सूत्रातलं ते टिंब गुणाकाराचं नाही. ‘याच्यासोबत’ एवढाच त्याचा अर्थ, म्हणून बेरीजच करायची. दुसरी नेहमीची चूक पाचाची. तो पाच पाण्याच्या संपूर्ण रेणूला लागू आहे, पण पुष्कळांच्या वहीत तो फक्त हायड्रोजनला लागतो आणि ऑक्सिजन एकच राहतो. असं झालं की उत्तर १८५.६८ येतं. पाण्याचा १८.०१५ हा आकडा एकदा पाठ केला आणि नेहमी ‘इतके पाणी’ असाच हिशेब केला, तर ही चूक होतच नाही.

या पाण्याला स्फटिकजल म्हणतात. ते खड्याला बाहेरून लागलेला ओलावा नव्हे. खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो, तरी त्याच्या वजनात शंभराला ३६.०८ भाग पाणी असतं. तेही मोजूनमापून, एका तांब्यामागे पाच रेणू.

हे डोळ्यांनी बघता येतं. परीक्षानळीत अडीच ग्रॅम बारीक केलेला मोरचूद घ्यायचा. नळी चिमट्यात जवळजवळ आडवी धरायची, तोंड किंचित खाली झुकलेलं, आणि मंद आचेवर तापवायचं. थोड्या वेळात निळा रंग कडेनं फिकट होत जातो आणि नळीच्या थंड तोंडाशी आतून पाण्याचे थेंब जमतात. तोंड खाली झुकवायचं ते याच थेंबांसाठी, ते मागे ओघळून तापलेल्या काचेवर पडले तर नळी तडकते. शेवटी उरते पांढरी भुकटी. ती थंड झाल्यावर तिच्यावर एक थेंब पाणी टाकलं की तो ठिपका पुन्हा निळा होतो, आणि नळी हाताला कोमट लागते.

आता काट्याकडे. आधी २.५० ग्रॅम होते, तापवल्यावर १.६० उरले. म्हणजे पाणी गेलं ०.९० ग्रॅम. पाण्याचे मोल: ०.९० भागिले १८.०१५, म्हणजे ०.०४९९६. निर्जल क्षाराचे मोल: १.६० भागिले १५९.६०, म्हणजे ०.०१००३. एकाला दुसऱ्यानं भागलं की ४.९८, म्हणजे पाच. सूत्रातला पाचाचा आकडा असा काट्यावर सापडतो.

उत्तर चारच्या आसपास आलं तर तापवणं अपुरं झालं. पाचातले चार रेणू शंभर अंशांच्या आसपासच सुटतात, पाचवा मात्र घट्ट धरलेला असतो आणि त्याला दोनशेच्या वर तापमान लागतं. म्हणून तापवा, थंड करा, तोला, परत तापवा; लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबू नका. तापलेली नळी काट्यावर ठेवू नये आणि उघडी ठेवूनही थंड करू नये, कारण पांढरी भुकटी हवेतली वाफ ओढून घेते. उत्तर साडेपाच-सहाकडे गेलं तर बहुतेक खडे मुळात ओले होते, किंवा आच फार झाली आणि पाण्याच्या मागोमाग सल्फेटच मोडायला लागलं. भुकटी करडी-काळपट झाली असेल तर दुसरं कारण.

तुरटीची लाही

हाच प्रकार घरात तव्यावर होतो. तुरटीचा खडा तव्यावर ठेवला की तो आधी विरघळल्यासारखा होतो, मग खदखदतो, फुगतो आणि शेवटी पांढरी, हलकी, पोकळ लाही उरते. वितळलेली तुरटी स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळलेली असते. खदखद होते ती त्या पाण्याची वाफ होताना.

पोटॅश तुरटीत पोटॅशियम एक, अ‍ॅल्युमिनियम एक, सल्फेट दोन आणि पाणी बारा. दोन सल्फेट म्हणजे गंधक दोन आणि ऑक्सिजन आठ. बेरीज: ३९.०९८ + २६.९८२ + ६४.१२ + १२७.९९२ = २५८.१९२, पाण्याचे १२ × १८.०१५ = २१६.१८, एकूण ४७४.३७. पाणी भरतं ४५.६ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम तुरटीची पूर्ण कोरडी लाही साधारण ५४ ग्रॅम भरायला हवी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे ताडून बघता येईल.

इथे एक बारकावा आहे आणि तो फार थोड्या ठिकाणी सांगितला जातो. काही पुस्तकांत तुरटीचं सूत्र दुप्पट करून दिलेलं असतं: पोटॅशियम सल्फेट एक, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट एक आणि पाणी चोवीस. त्याची बेरीज येते ९४८.७४. मग खरं कुठलं? दोन्ही. तुरटी तीच, टक्केवारी तीच, फक्त ‘एक नग’ कशाला म्हणायचं ते वेगळं ठरवलं आहे. म्हणून नुसतं ‘तुरटीचा एक मोल’ असं लिहिलं तर अर्थ अर्धवट राहतो. सोबत सूत्र लिहायचंच.

वायूंमध्ये हाच घोटाळा होतो. ऑक्सिजनचा एक मोल १६ ग्रॅमचा की ३२ ग्रॅमचा? अणूंचा असेल तर १६, नळकांड्यातल्या वायूचा असेल तर ३२, कारण वायूत ऑक्सिजन जोडीनं असतो. हायड्रोजन, नायट्रोजन, क्लोरीन हेही जोडीनंच असतात.

मिठाला तर रेणूच नसतो. खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकाआड एक रचलेले असतात, कुठलाही सोडियम कुठल्याही एका क्लोराइडचा नसतो. तरी सूत्रात एकास एक असं प्रमाण आहे, म्हणून २२.९९ + ३५.४५ = ५८.४४ हा आकडा तितक्याच खात्रीनं वापरता येतो. काटेकोर बोलायचं तर अशा क्षारांसाठी रेणुवस्तुमानाऐवजी सूत्रवस्तुमान म्हणावं. मोलर वस्तुमान हा शब्द दोन्हींना चालतो.

आधी सूत्र, मग बेरीज हा क्रम रसायनशास्त्रालाही फार उशिरा सापडला. जॉन डाल्टननं पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरलं होतं. पाण्यात वजनानं एक भाग हायड्रोजनला सुमारे आठ भाग ऑक्सिजन असतो, त्यामुळे ऑक्सिजनचं अणुवस्तुमान निम्मं भरत होतं. १८११ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रोनं वाट दाखवली होती (सारख्याच तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच असतात), पण ती पटायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. १८६० मध्ये कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे स्टानिस्लाव कॅनिझारो यांनी अ‍ॅव्होगॅड्रोचीच कल्पना धरून अणुवस्तुमानं कशी बसतात ते मांडलं. तरुण मेंडेलीव्ह त्या परिषदेला हजर होते. अणुवस्तुमानांची घडी बसली नसती तर त्यांना आवर्तसारणी मांडता आली नसती.

कंस आणि अक्षरं

कळीचा चुना, विरलेला: कॅल्शियम एक, आणि कंसात ओ-एच, कंसाबाहेर दोन. तो दोन कंसातल्या सगळ्यांना लागतो. ४०.०७८ + २ × (१५.९९९ + १.००८) = ७४.०९. दोन फक्त हायड्रोजनला लावला की ५८.०९ येतं. कॅल्क्युलेटरवर कंस न देता आकडे दाबत गेलं तरी असंच काहीतरी निघतं. म्हणून कंस कागदावरच सोडवून घ्यावा: ऑक्सिजन २, हायड्रोजन २, मग गुणाकार. कंसात आणखी कंस असेल तर आतून बाहेर यायचं.

अक्षरांच्या आकाराकडेही लक्ष हवं. मोठा सी आणि त्याला लागून लहान ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू, ५८.९३. दोन्ही मोठी अक्षरं असली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, २८.०१. हातानं लिहिलेल्या लेबलवर ही गफलत सहज होते.

द्रावण करताना

सगळा हिशेब दोन वाक्यांचा आहे. ग्रॅमला मोलर वस्तुमानानं भागलं की मोल. मोलला मोलर वस्तुमानानं गुणलं की ग्रॅम. मोलर द्रावणासाठी लागणारे ग्रॅम म्हणजे तीव्रता गुणिले लिटर गुणिले मोलर वस्तुमान. मोरचुदाचं २५० मिलिलिटर ०.१ मोलर द्रावण: ०.१ × ०.२५ × २४९.६८ = ६.२४ ग्रॅम.

खडे तोलून बीकरमध्ये सुमारे १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायचे. दोन-तीन थेंब विरल सल्फ्युरिक आम्ल घातलं तर द्रावण गढूळ होत नाही. मग ते २५० च्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये ओतायचं, बीकर दोन-तीनदा थोड्या थोड्या पाण्यानं खंगाळून तेही त्यातच, आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी भरायचं. ‘६.२४ ग्रॅम अधिक २५० मिलिलिटर पाणी’ असं करू नये. २५० हे सगळ्या द्रावणाचं आकारमान आहे, ओतायच्या पाण्याचं नाही.

तोलण्याआधी खडे नीट पाहावेत. त्यांच्यावर पांढुरकी साय दिसली तर काही पाणी उडालेलं आहे आणि २४९.६८ हा आकडा आता त्यांना पूर्ण लागू नाही. धुण्याच्या सोड्याचं हे नेहमीचं दुखणं. ताज्या पारदर्शक खड्यात दहा पाणी, मोलर वस्तुमान २८६.१४, डबा उघडा राहिला की कोरड्या हवेत नऊ पाणी उडून जातात आणि उरते १२४.०० ची पांढरी भुकटी. नाव तेच, डबा तोच.

ऑक्झॅलिक आम्लाचं वेगळंच. दोन पाण्यासकट त्याचं मोलर वस्तुमान १२६.०६, पण पुष्कळांच्या डोक्यात ६३ घट्ट बसलेलं असतं. ६३ हे त्याचं तुल्यांक वस्तुमान, नॉर्मल द्रावणासाठीचं, कारण त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो. मोलर द्रावणाला ६३ धरलं की द्रावण बरोबर निम्म्या ताकदीचं होतं.

बाटलीतला पदार्थ पूर्ण शुद्ध नसेल तर तोही हिशेबात घ्यावा लागतो. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ३७ टक्क्यांचं, घनता १.१८. एका लिटरचं वजन ११८० ग्रॅम, त्यात खरं आम्ल ४३६.६ ग्रॅम, ३६.४६ नं भागलं की सुमारे १२ मोलर. म्हणून १ मोलरचं एक लिटर करायला ते सुमारे ८३ मिलिलिटर लागतं. ओतताना आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही.

खताच्या पोत्यावरचे टक्के

मूलद्रव्याचा वाटा म्हणजे त्याची बेरजेतली ओळ भागिले एकूण. युरियात कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार, एकूण ६०.०६, त्यात नायट्रोजन २८.०१४. वाटा ४६.६ टक्के, पोत्यावर असतं ४६.

झिंक सल्फेटच्या पिशव्यांवर कुठे २१ टक्के, कुठे ३३ टक्के जस्त लिहिलेलं असतं. ३३ वाल्यात काही जादा घातलेलं नसतं, त्यात पाणी कमी असतं. सात पाण्याचं झिंक सल्फेट २८७.५४, त्यात जस्त २२.७ टक्के. एका पाण्याचं १७९.४५, त्यात जस्त ३६.४ टक्के. पोत्यावरचा आकडा शुद्ध पदार्थापेक्षा थोडा कमी असतो, कारण तो किमान हमीचा असतो. शेतकऱ्यानं भाव विचारताना पिशवीचा न विचारता जस्ताचा काढावा: सात पाण्याच्या १० किलोत २.१ किलो जस्त येतं आणि तेवढंच जस्त एका पाण्याच्या ६.४ किलोत मिळतं.

पोटॅशच्या पोत्यावर आणखी एक गोष्ट लपलेली असते. आतला पदार्थ पोटॅशियम क्लोराइड, त्यात ऑक्सिजनचा अणूसुद्धा नाही. तरी ६० टक्के हा आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबानं छापतात. ही जुनी पद्धत अजून चालू आहे. ऑक्साइडवरून खरं पोटॅशियम काढायला ०.८३ नं गुणायचं. ५० किलोच्या पोत्यात ऑक्साइडच्या भाषेत ३० किलो, पोटॅशियम मात्र २४.९ किलो.

बोर्डो मिश्रणातला चुना

नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार आणि कोकण-गोव्यातले सुपारीवाले मोरचूद ओळखतात तो बोर्डो मिश्रणामुळे, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या बुरशीनाशक फवाऱ्यामुळे. एक टक्क्याच्या मिश्रणाचं नेहमीचं माप: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. सारखं वजन, म्हणजे वर सांगितलेली आठ-आठ किलोची नटबोल्टाची खरेदी. मग हे माप चुकीचं आहे का? हिशेब करून बघू.

एक किलो मोरचूद म्हणजे १००० भागिले २४९.६८, सुमारे ४ मोल. त्यातलं तांबे २५४.५ ग्रॅम. एका मोल तांब्याचं हायड्रॉक्साइड व्हायला एक मोल विरलेला चुना लागतो, म्हणजे ४ मोलला जास्तीत जास्त २९७ ग्रॅम. कळीचा न विरलेला चुना घेतला तर त्याचं मोलर वस्तुमान ५६.०८, म्हणून २२५ ग्रॅमच पुरतो. एक किलो चुना याच्या तिप्पट-चौपट झाला.

हे जास्तीचं माप मुद्दाम ठेवलेलं आहे. चुन्याची जात सारखी नसते, त्यात खडे-माती असते, आणि मुख्य म्हणजे चुना जुना होतो. कळीचा चुना हवेतला ओलावा घेऊन विरतो, मग कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे शेवटी खडूच. ५६.०८ चे झाले ७४.०९, मग १००.०९. एक किलो कळीचा चुना पूर्ण उतरला तर काट्यावर १.७८ किलो भरतो, आणि मोरचूद मारायला तो जवळजवळ निरुपयोगी असतो. पोतं जड लागतंय म्हणून भरवसा ठेवणाऱ्याची बाग इथेच फसते. चुना पुरा पडला नाही की तांबे मोकळं राहतं आणि कोवळी पानं करपतात.

म्हणून दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत पन्नास-पन्नास लिटर पाण्यात मोरचूद आणि चुना वेगवेगळे करून, गाळून, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओततात आणि ढवळत राहतात. लोखंडी किंवा जस्ताचं भांडं वापरायचं नाही, कारण तांबे त्याच्याच अंगावर बसतं. तयार मिश्रणात चकचकीत घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबे शिल्लक आहे. चुन्याचं दूध थोडं थोडं घालून ढवळायचं आणि पातं घासून पुन्हा बुडवायचं. ते लख्ख बाहेर आलं की त्याच दिवशी फवारणी उरकायची.